कालव्याला पाणी आहे, टेलला पोचतंय का?

डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६३. चौदा वर्षं मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षं झाली, चढ चढताना किंवा पाण्याची कळशी उचलली की छातीत दडपल्यासारखं होतं. थांबलं की पाच मिनिटांत जातं. दीड वर्षापूर्वी अँजिओग्राफी केली. 'नसा साफ आहेत, तुम्ही विचार फार करता' असं सांगून झोपेची गोळी दिली आणि घरी पाठवलं. त्यानंतर क्रिएटिनिन १.४ होतं ते १.९ झालं, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी बजावलं की यापुढे काँट्रास्ट, म्हणजे तपासणीत नसा उठून दिसायला देतात ते औषध, घ्यायचा नाही. दडपण तसंच आहे. आता पुण्यातले एक डॉक्टर म्हणतात, काँट्रास्ट देऊन स्ट्रेस इको करू, स्नायूला रक्त किती पोचतंय ते बघू. त्यात म्हणे शिरेतून गॅसचे बुडबुडे सोडतात! आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांनी औषधाच्या कागदावर गॅसचं नाव वाचलं आणि म्हणाले, हा तर आमच्या ब्रेकरमधला गॅस. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा सीटी अँजिओ कर. मला कळेना झालंय. एकदा साफ निघालं, मग आता शोधायचं तरी काय?

— एक बाई, सातारा जिल्हा

बाई,

शिक्षिकेला मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येत नाही, सवयच तशी. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण बाकीच्या सगळ्या शंका तिच्याच पोटात आहेत.

कृष्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत. आवर्तन सुटलंय, कालवा काठोकाठ वाहतोय, पाटकरी कालव्याच्या कडेने चक्कर मारून गेला आणि 'पाणी सुरू' असं वहीत लिहून गेला. खोटं काही लिहिलं नाही त्याने. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा. वरच्या चाऱ्या फुटलेल्या, शेतचारीत गवत माजलेलं, आणि त्याचा ऊस वाळतोय. तुमची अँजिओग्राफी म्हणजे ती कालव्यावरची चक्कर. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रक्तवाहिनी तिला दिसतच नाही. रक्ताचं खरं वाटप होतं ते त्याहून बारीक वाहिन्यांत, आणि अगदी शेवटी केशवाहिन्यांत, जिथून तांबड्या पेशी एकामागे एक रांगेने सरकतात. चौदा वर्षांच्या मधुमेहाने नेमक्या या चाऱ्या खराब केलेल्या असू शकतात. मोठ्या नसा साफ आणि तरी श्रम केले की छातीत दडपण, हे दुखणं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे, आणि ते बायकांमध्ये जास्त दिसतं. 'विचार फार करता' हे काही त्याचं निदान नव्हे. कळशी उचलली की यायचं आणि ठेवली की पाच मिनिटांत जायचं, इतकं शिस्तीचं वेळापत्रक काळजीला नसतं.

तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. पत्र वाचून ते कुणी सांगूही नये. पण पुण्याच्या डॉक्टरांनी कालवा सोडून टेलला जायचं ठरवलंय, आणि तुमच्या बाबतीत जायला हवं ते तिथेच.

आता ती तपासणी. नाव लांबलचक आहे, मायोकार्डियल काँट्रास्ट इकोकार्डिओग्राफी. यंत्र तुमच्या ओळखीच्या टूडी इकोचंच. साध्या इकोत रक्त काळं दिसतं, कारण तांबड्या पेशींवरून ध्वनिलहरी फारशा परतत नाहीत. त्यामुळे स्नायू हलतोय की नाही ते कळतं, पण त्याच्या आत रक्त शिरलंय की नाही ते कळत नाही. म्हणून शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. एकेक बुडबुडा सरासरी दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. जिथे पेशी जाते तिथे हाही जातो, फुफ्फुसाच्या जाळीतून पार होऊन हृदयाच्या डाव्या बाजूला येतो आणि तिथून स्नायूत. वाहिनीच्या बाहेर मात्र तो पडत नाही. आणि या आकाराचा बुडबुडा, योगायोग बघा, इकोच्या यंत्रातून निघणाऱ्या ध्वनिलहरींच्या तालावरच आकुंचन पावतो, फुगतो, आणि स्वतःचा वेगळा आवाज काढतो. यंत्र तो आवाज बाकीच्या मांसापासून निवडून काढतं. स्नायू उजळतो. विश्रांती घेत असलेल्या हृदयाच्या स्नायूतलं सुमारे नव्वद टक्के रक्त केशवाहिन्यांत असतं, त्यामुळे जो उजेड दिसतो तो बहुतेक केशवाहिन्यांचाच.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि तुम्हालाही आवडेल, कारण तो फळा-डस्टरचा आहे. स्नायू उजळून स्थिर झाला की डॉक्टर एक बटण दाबतात. काही क्षण जोरकस ध्वनिलहरी जातात आणि त्या पट्ट्यातले सगळे बुडबुडे फुटतात. फळा पुसला. स्नायू काळाठिक्कर. मग पुन्हा हलक्या लहरींवर येऊन फक्त बघत बसायचं, की फळा परत किती वेळात भरतो. इकोचा किरण सुमारे पाच मिलिमीटर जाड असतो, आणि विश्रांतीत केशवाहिनीत रक्त सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकतं. म्हणजे निरोगी स्नायू भरायला पाचेक सेकंद. श्रमात किंवा औषधाने प्रवाह चार-पाच पट वाढला की तोच फळा दोन सेकंदांच्या आत भरला पाहिजे. नाही भरला, रेंगाळला, तर त्या शेताला पाणी उशिरा येतंय. किती उजळला यावरून स्नायूत रक्त किती आहे ते कळतं, किती वेगात उजळला यावरून ते किती भरभर येतंय ते कळतं, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रवाह. व्हर्जिनिया विद्यापीठात केव्हिन वेई आणि संजीव कौल यांच्या गटाने १९९८ मध्ये हे गणित मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी, १९६८ मध्ये, रॉचेस्टरला रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी नळीतून द्रव सोडताना इकोवर ढग उठलेला पाहिला होता. तो ढग बुडबुड्यांचाच होता. या विद्येच्या पायात आपल्याकडची नावं पहिल्यापासून आहेत, हे जाता जाता.

तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट पुढे आहे. एका मोठ्या नसेत अडथळा असेल तर तिच्या वाट्याचा तुकडाच उशिरा भरतो आणि बाकीचे वेळेवर भरतात. बारीक वाहिन्यांचा आजार असेल तर सगळीकडेच, विशेषतः स्नायूच्या आतल्या थरात, भरणं रेंगाळतं. थॅलियम टेस्टची, म्हणजे किरणोत्सर्गी औषध देऊन स्नायूतलं रक्त बघण्याच्या तपासणीची, अडचण नेमकी इथे होते. ती स्नायूचा एक भाग दुसऱ्याशी ताडून बघते. वर्गातली सगळीच मुलं सारखी नापास झाली तर तुलनेत कुणीच मागे दिसत नाही, तसं. फळा भरायला लागणारी वेळ मोजली की ही फसगत टळते. शिवाय रक्त कमी पडल्यावर बिघाड ज्या क्रमाने दिसतात त्यात प्रवाहातली घट सगळ्यात आधी येते. स्नायूची हालचाल मंदावणं त्यानंतर, ईसीजी त्याच्याही नंतर, आणि छातीत दुखणं अगदी शेवटी. साध्या स्ट्रेस इकोत हालचाल बिघडायची वाट बघावी लागते. इथे एक पायरी आधीच कळतं.

आता यजमानांचा गॅस. त्यांनी वाचलं ते बरोबर आहे. सोनोव्ह्यू नावाच्या औषधात सल्फर हेक्साफ्लोराइडच असतो. (डेफिनिटी आणि ऑप्टिसॉन या बुडबुड्यांच्याच दुसऱ्या औषधांत ऑक्टाफ्लोरोप्रोपेन हा वेगळा गॅस असतो. कुठलं वापरणार ते विचारून घ्या, पुढे कारण येतंय.) पण त्यांनाच विचारा, ब्रेकरमध्ये हाच गॅस का भरतात? कारण तो ठिणगी विझवतो आणि सहसा कशाशीच रासायनिक भांडण काढत नाही. ब्रेकर उघडताना भीती असते ती आर्क, म्हणजे मोठी ठिणगी, होऊन गॅसचं विघटन झाल्यावर तयार होणाऱ्या पदार्थांची. कुपीतला गॅस शुद्ध असतो आणि तुमच्या छातीत आर्क होणार नाही. डोळ्याचा पडदा सुटल्यावर नेत्रतज्ज्ञ हाच गॅस डोळ्यात भरतात. रक्तात तो विरघळायला फार नाखूश असतो, म्हणून तर त्याची निवड झाली. सुरुवातीच्या काळातले हवेचे बुडबुडे डाव्या बाजूला पोचेपर्यंत विरून जायचे.

आणि 'शिरेत हवा गेली की माणूस जातो' ही जी धास्ती आहे, तिचा हिशेब करू. सोनोव्ह्यूच्या एका मिलिलिटरमध्ये गॅस असतो आठ मायक्रोलिटर. दोन मिलिलिटर दिलं तर सोळा. सलाईनचा एक थेंब पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे सगळा गॅस गोळा केला तरी एका थेंबाचा तिसरा हिस्सा, तोही कोट्यवधी कणांत विखुरलेला. स्नायूचा प्रवाह बघताना औषध जरा जास्त लागू शकतं. तरी गोष्ट थेंबाच्याच आसपास राहते. हा गॅस तुम्ही श्वासावाटे बाहेर टाकता, पंधरा मिनिटांत जवळपास सगळा.

यातच किडनीचं उत्तर आलं. गॅस फुफ्फुसावाटे जातो, बुडबुड्याभोवतीचं पातळ चरबीचं आवरण शरीर चरबीसारखंच पचवतं. किडनीला यात काम नाही. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनी ज्या काँट्रास्टला मनाई केली तो आयोडीनचा, अँजिओग्राफी आणि सीटीमधला. तुमच्या वयाला क्रिएटिनिन १.९ म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा) तिशीच्या आसपास, तेव्हा त्यांची ताकीद योग्यच आहे. नाव एक, पदार्थ निराळा, म्हणून घोटाळा झाला. यात आमची चूक आहे. चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरायचा आणि रोग्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा करायची! तरी एक करा, पुण्याला जाण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, 'आयोडीन नाही, एमआरआयमधलं गॅडोलिनियम नाही, इकोचे मायक्रोबबल आहेत, चालेल ना?' त्यांनाही कळू दे.

मुलाला सांगा, त्याची काळजी खरी आहे पण सीटी अँजिओ तुमच्यासाठी दुहेरी तोट्याची. तीच आयोडीनची बाटली, आणि पुन्हा कालव्यावरचीच चक्कर. दीड वर्षात मोठ्या नसेत काही नवीन झालं असेल तर त्याचा ठिपका या स्ट्रेस इकोत दिसेलच, आणि मग अँजिओचा विचार कारणासह करता येईल.

धोका अजिबात नाही असं मात्र मी लिहिणार नाही. डोकं दुखणं, कंबरेत कळ, तोंडाची चव बदलणं, अंग गरम वाटणं, हे होतं आणि जातं. खरी भीती ॲलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेची. ती साधारण दहा हजारात एखाद्याला येते, आणि आली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, काही मृत्यूंच्या नोंदींनंतर या औषधांवर कडक इशारा छापायला लावला होता. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तो बराच सैल केला. नंतर मोठ्या संख्येने रुग्ण तपासून पाहिले तेव्हा हे औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त आढळले नाहीत. इंटरनेटवर तुमच्या यजमानांना तो जुना इशारा सापडेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एक प्रश्न डॉक्टर विचारायला विसरले तर तुम्हीच सांगा. सोनोव्ह्यू आणि डेफिनिटी या दोन्हींत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला जी पावडर पाण्यातून पितात, किंवा बद्धकोष्ठावर मॅक्रोगोल म्हणून जी देतात, ती तीच. ती घेऊन कधी अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल तर हे औषध नको. ऑप्टिसॉनचं आवरण मानवी अल्ब्युमिनचं असतं, तिथे प्रश्न वेगळा, रक्तातून बनवलेल्या औषधांच्या ॲलर्जीचा. तपासणीनंतर अर्धा तास तिथेच बसा. चहाची घाई करू नका.

चहावरून आठवलं. हृदयावर ताण आणायला तुम्हाला पट्ट्यावर चालवतात किंवा इंजेक्शन देतात. इंजेक्शन ॲडिनोसिन किंवा डायपिरिडॅमोलचं असेल तर आदल्या दिवसापासून चहा-कॉफी पूर्ण बंद, कारण त्यातलं कॅफीन या औषधांचा परिणामच मारून टाकतं. 'एक कपच घेतला, तोही बिनसाखरेचा' असं म्हणत तपासणीला आलेल्या किती जणांना परत पाठवावं लागलंय, मोजदाद नाही. दमा असेल किंवा डेरिफायलिनसारखी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. दम्यात ही दोन्ही इंजेक्शनं टाळतात. हृदयाचे ठोके वाढवणारं डोब्युटामिन देणार असतील तर बीटा ब्लॉकरची गोळी काही वेळा आधी थांबवतात, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणेच. मधुमेहाच्या गोळ्यांचं आणि उपाशी राहण्याचंही विचारून ठेवा. उपाशीपोटी गोळी घेऊन साखर उतरली तर तपासणी राहील बाजूला.

आता थोडं कडू. ही परीक्षा यंत्रापेक्षा हाताची आहे. बुडबुडे सिरिंजमध्ये वर तरंगून बसतात, म्हणून औषध देताना ती सारखी हलवत राहावी लागते. जास्त गेलं तर पुढच्या भागाचा उजेड मागच्यावर सावली पाडतो आणि रक्त असूनही स्नायू काळा दिसतो. हृदयाच्या तळाकडचा आणि बाजूचा भाग बरगड्यांमुळे, फुफ्फुसामुळे असाही अंधुकच दिसतो. छातीची खिडकी, म्हणजे बरगड्यांमधून ध्वनिलहरी आत जायची जागा, नीट नसेल तर निष्णात माणूसही हात टेकतो. हे रोज करणारे थोडे, क्वचित करणारे बरेच. त्यात अमेरिकेत या औषधांना हृदयाच्या बाबतीत मिळालेली मंजुरी डाव्या कप्प्याची पोकळी आणि तिच्या कडा स्पष्ट दिसाव्यात यासाठी आहे. स्नायूतला प्रवाह बघणं हा मंजुरीबाहेरचा वापर, तज्ज्ञांनी मान्य केलेला. म्हणून तारीख घेण्याआधी फोनवर विचारायला लाजू नका: तुम्ही फक्त कडा उजळवता की फ्लॅश देऊन, म्हणजे बुडबुडे फोडून, स्नायू भरताना बघता? हे स्वतः नेहमी करता का? गंभीर ॲलर्जी आली तर तयारी काय? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न टोचत नाहीत. पहिल्याचं उत्तर 'फक्त कडा' असं आलं, तर ती तपासणी उपयोगाची आहे पण तुमच्या प्रश्नाची नाही. तेव्हा आणखी एक साधा मार्ग विचारा. हृदयाच्या पुढच्या नसेतला रक्ताचा वेग इकोच्याच डॉप्लरने विश्रांतीत आणि औषधानंतर मोजतात. तो दुपटीनेही वाढला नाही तर टेलला अडचण आहे असं धरता येतं, आणि त्याला बुडबुडे लागतीलच असं नाही.

निकाल काहीही येवो, पुढे काय, हेही आधी बोलून घ्या. प्रवाह कमी निघाला तर बारीक वाहिन्यांत स्टेंट घालता येत नाही, त्या फार लहान. पण बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, स्टॅटिन, साखर आणि रक्तदाबावर घट्ट लगाम यांनी दडपण कमी होतं, आणि पुढचा धोकाही. किडनीकडे बघून मात्रा ठरवावी लागेल, म्हणून दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. तुमच्या फायलीत झोपेची गोळी आहे पण यातलं काय काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती यादी सोबत न्या. गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी असेल तर तीही यादीत लिहा. क्रिएटिनिन वाढवायला तिचाही हातभार असतो, आणि ती सांगायला लोक नेमके विसरतात. निकाल चांगला आला, तर दडपणाचं कारण अन्ननलिकेत, रक्ताच्या कमतरतेत, थायरॉइडमध्ये शोधायचं. तेव्हाही कुणी 'मनाचं' म्हटलं तर आधी हिमोग्लोबिन किती आलं ते विचारा.

आणि तारीख मिळेपर्यंत दडपण बसल्या जागी यायला लागलं, आधीपेक्षा थोड्या श्रमाने यायला लागलं, किंवा वीस मिनिटं थांबलं नाही, घाम फुटला, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून १०८ला फोन करा. त्या अवस्थेत स्ट्रेस टेस्ट करायची नसते.

तोवर कळशी यजमानांकडे द्या. ब्रेकरपेक्षा हलकी असते.